सूत, मायक्रॉन, अँगस्ट्रॉम

पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळी सोडून मुलुंडकडे निघाले की उजव्या हाताला, खाडीच्या अंगाने, मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड अशी ही रांग आहे. या जमिनींचे पुढे काय करायचे यावर शहरात बरेच बोलले जाते. तो वाद इथे आणायचा नाही. इथे फक्त मीठ हवे आहे. १९१३ साली विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी मिठाच्याच स्फटिकावर क्ष-किरण सोडून आतली रचना उलगडली आणि दोन शेजारी अणूंमधले अंतर किती, हे आकड्यात सांगितले. मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी बापलेकांना मिळून नोबेल मिळाले.

रोजच्या मापातून अणूच्या मापात कसे जायचे, हा प्रश्न वरवर पाहता प्रश्नच नाही. एका सेंटीमीटरमध्ये दहा कोटी अँगस्ट्रॉम असतात आणि दहावीच्या मुलाला घातांकांची बेरीज-वजाबाकी येते. तरीही शाळा-कॉलेजात, संशोधनपत्रिकांत आणि मापनशास्त्राच्या दप्तरात या साध्या रूपांतरावरून तीन वेगवेगळी भांडणे चालू आहेत. एकक कोणते वापरावे, हे पहिले. शिकवावे कसे, हे दुसरे. तिसरे फारसे कोणी उच्चारत नाही, पण आपल्याला तेच सर्वांत जवळचे आहे: मोजायचे कोणत्या भाषेत?

उपनगरातली मापे

आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहू. साकीनाक्याच्या फॅब्रिकेटरकडे अजून ‘दोन सूत कमी कर’ असे ऐकू येते. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. त्याच्याच बाजूच्या दुकानात प्लायवूड मात्र १८ एमएमचा, नळ पाऊण इंची आणि पत्रा २२ गेजचा. मापांचा कायदा १९५६ चा, म्हणजे दशमान पद्धत येऊन साठ वर्षे उलटून गेली आहेत. पण बाजाराला एका वेळी तीन पद्धती चालवण्यात काहीच अडचण वाटत नाही. लेथवाल्याकडे चौथीही सापडते, इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ‘थाऊ’, सुमारे २५ मायक्रोमीटर.

मिलिमीटर घरोघरी पोहोचला तो पावसामुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तो आकडा उपनगरातल्या माणसाला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ झाला. त्याच प्रलयानंतर पातळ पिशव्यांनी गटारे तुंबतात म्हणून राज्याने पिशवीच्या जाडीवर बंधन घातले आणि ‘पन्नास मायक्रॉन’ हा शब्द भाजीवाल्याच्या तोंडी आला. पुढे केंद्राच्या नियमांनी ही मर्यादा सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० केली. गंमत अशी की मायक्रॉन हे नाव आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने १९६७ मध्येच रद्द करून ‘मायक्रोमीटर’ वापरायला सांगितले होते. घाटकोपरच्या मंडईपर्यंत तो निर्णय पोहोचलेला नाही. आपल्या सरकारी नियमांतही मायक्रॉनच आहे.

त्याच्या खालची पायरी हवेतली. मोबाइलवर हवेचा निर्देशांक पाहणाऱ्याला ‘पीएम २.५’ ठाऊक असते. म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस ढोबळमानाने ६० ते ८० मायक्रोमीटर जाड, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण ओळीने बसतील. इथे रोजची शिडी संपते. नॅनोमीटर हा शब्द कानावर आहे, पण माप म्हणून नाही. नॅनो म्हणजे एक मोटार, एक सिमकार्ड, अलीकडे युरिया.

जुनी शिडी

आपल्याकडे ही शिडी खूप आधी मांडली गेली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परमाणूपासून सुरुवात करून रज, वालाग्र, लिक्षा, यूका, यव अशा आठपटीच्या सहा पायऱ्यांनी अंगुलापर्यंत येता येते. म्हणजे एका अंगुलात आठचा सहावा घात, २,६२,१४४ परमाणू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पायऱ्या पाचच आहेत आणि संख्या ३२,७६८. बौद्धांच्या ललितविस्तरात सातपटीच्या दहा पायऱ्या आहेत, त्यामुळे संख्या थेट २८ कोटींच्या वर जाते.

अंगुल १.९ सेंटीमीटर धरले तर कौटिल्याचा परमाणू अर्ध्या मायक्रोमीटरहून थोडा मोठा, वराहमिहिराचा सुमारे ७२ नॅनोमीटर आणि ललितविस्तराचा ०.०७ नॅनोमीटरच्या आसपास येतो. शेवटचा आकडा आजच्या अणूच्या इतका जवळ आहे की त्यावरून दोन तट पडले आहेत. प्राचीनांना अणूचे माप माहीत होते, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू दाखवते की तीन ग्रंथांचे परमाणू एकमेकांपासून आठपटीपासून हजारो पटींपर्यंत वेगळे आहेत, अंगुलाची लांबीही प्रदेशागणिक बदलत होती आणि यातल्या कुठल्याच आकड्यामागे मोजणी नाही. वराहमिहिराचा परमाणू तर झरोक्यातल्या उन्हात दिसणारी धूळ आहे, म्हणजे मुळात दृश्य वस्तू. मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे पटते. पण पहिल्या बाजूच्या हाती एक खरी गोष्ट आहे, ती टाकून देऊ नये. न दिसणाऱ्याकडे जायचे तर एकाच उडीने न जाता सारख्या पायऱ्यांनी जावे, ही कल्पना या ग्रंथांत स्पष्ट आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत मात्र लांबीचे कोष्टक यवापासून सुरू होते. आठ यवांचे अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, आणि पुढे दंड, क्रोश, योजन. परमाणूचे नाव नाही. विद्यार्थ्यांना हिशेब शिकवायचा होता. जे मोजता येत नाही त्याचे कोष्टक त्यांनी दिले नाही.

मिठाने पूल बांधला

आधुनिक काळात अणूच्या बाजूचे एकक आले प्रकाशाच्या अभ्यासातून. स्वीडनच्या आंडर्स योनास अँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा छापला, त्यात तरंगलांबी मीटरच्या दहा अब्जांशात दिली. आकडे पूर्णांकात वाचता यावेत एवढाच हेतू होता. अणू साधारण तेवढाच असतो हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हते. पुढे १९०७ मध्ये कॅडमियमच्या लाल रेषेची तरंगलांबी ६४३८.४६९६ अँगस्ट्रॉम असे ठरवून एकक पक्के केले गेले.

ब्रॅगांचे मिठाचे गणित इतके साधे आहे की बोरिवलीतल्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजच्या फळ्यावर मावेल. ५८.४४ ग्रॅम मिठात सोडियम-क्लोरीनच्या अॅव्होगाड्रो संख्येइतक्या जोड्या असतात. मिठाची घनता दर घन सेंटीमीटरला २.१६५ ग्रॅम, म्हणून एवढे मीठ सुमारे २७ घन सेंटीमीटर जागा व्यापते. या जागेला अॅव्होगाड्रो संख्येच्या दुपटीने भागले की एका आयनाच्या वाट्याची जागा मिळते. तिचे घनमूळ काढले की उत्तर येते २.८२ अँगस्ट्रॉम. तराजू, मापनळी आणि एक मोठी संख्या, एवढ्यावर स्वयंपाकघरातून अणूपर्यंत जाता येते. हेच अंतर एकदा हाती आले की क्ष-किरणांची तरंगलांबी काढता येते, आणि ती आली की बाकीचे सारे स्फटिक मोजता येतात.

पण या पुलाचा एक खांब कच्चा होता. ती मोठी संख्या मिलिकन यांनी मोजलेल्या इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून काढली जाई, आणि त्यांनी हवेच्या श्यानतेचा जो आकडा वापरला तो थोडा चुकीचा होता. चूक घनमुळात शिरून बारीक झाली, पण गेली नाही. दरम्यान स्वीडनच्या मान्ने सीगबान यांनी क्ष-किरणांसाठी ‘एक्स-एकक’ काढले. ते अँगस्ट्रॉमचा हजारावा भाग असावे असा हेतू होता. कोरलेल्या जाळीने क्ष-किरणांची लांबी थेट मोजता येऊ लागली तेव्हा दिसले की हे एकक सुमारे ०.२ टक्क्याने मोठे आहे. अखेर १९४७ मध्ये १.००२०२ हा गुणक ठरला आणि त्याआधीच्या कोष्टकांतली अंतरे त्याने गुणून वाचावी लागली. एककांचे रूपांतर म्हणजे नुसती शून्ये पुढेमागे करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. तिथे रूपांतराचा गुणकच मोजावा लागला होता.

आज पूल उलट बाजूनेही बांधला गेला आहे. १९६० मध्ये मीटरची व्याख्या धातूच्या पट्टीवरून उठून क्रिप्टॉन अणूच्या प्रकाशावर आली आणि १९८३ पासून ती प्रकाशाच्या वेगावर आहे. १९६५ मध्ये बोन्झे आणि हार्ट यांनी सिलिकॉनच्या स्फटिकातून क्ष-किरणांचा व्यतिकरणमापक घडवला. पुढे त्याला दृश्य प्रकाशाची जोड मिळून सिलिकॉनच्या थरांमधले अंतर थेट मीटरशी जोडता आले. ते १९२.०१५५७१४ पिकोमीटर आहे, आणि नॅनोमापनासाठी हीच मोजपट्टी वापरावी असे मापनसंस्थांचे आताचे मार्गदर्शन सांगते.

अँगस्ट्रॉम राहावा की जावा

आंतरराष्ट्रीय पद्धतीचे पाईक म्हणतात, जावा. हजारपटीच्या पायऱ्यांत मिली, मायक्रो, नॅनो, पिको नीट बसतात. मधेच दहाचा उणे दहावा घात कशाला? व्यक्तीच्या नावाचे, डोक्यावर गोल असलेले अक्षर छापायलाही त्रासाचे. या बाजूचे पारडे जड होत आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेच्या २००६ च्या आवृत्तीत इतर एककांच्या तक्त्यात अँगस्ट्रॉम होता, २०१९ च्या आवृत्तीत नाही. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात बंधांची लांबी आणि अणुत्रिज्या आता बहुधा पिकोमीटरमध्येच दिसतात.

स्फटिकशास्त्रज्ञ आणि प्रथिनांची रचना काढणारे म्हणतात, राहावा. त्यांचा युक्तिवाद सोयीचा आहे, पण हलका नाही. अणूंच्या जगात बहुतेक अंतरे एक ते पाच अँगस्ट्रॉम असतात. हिऱ्यात कार्बन-कार्बन अंतर १.५४. तेच ०.१५४ नॅनोमीटर किंवा १५४ पिकोमीटर लिहिले की एकदा शून्यावर नजर अडते आणि एकदा नसलेल्या अचूकतेचा भास होतो. प्रथिनांच्या जागतिक संग्रहात अणूंचे ठिकाण आजही अँगस्ट्रॉममध्येच नोंदले जाते. आपल्या उपनगरातही उदाहरण आहे. तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतून (१९८५) निघणारे मंद न्यूट्रॉन पदार्थाची आतली रचना पाहायला उपयोगी पडतात, कारण सेकंदाला २२०० मीटर वेगाने जाणाऱ्या न्यूट्रॉनची तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणूंच्या अंतराइतकीच असते. हे वाक्य पिकोमीटरमध्येही लिहिता येते, पण ‘एकाला एक’ अशी जी जुळणी चटकन दिसते ती तेवढी दिसत नाही.

मध्यममार्गी दोन्ही लिहा म्हणतात. सध्या प्रत्यक्षात तेच चालले आहे, आणि गोंधळाचे मूळही तेच आहे.

चिप बनवणाऱ्यांनी या वादात वेगळाच घोळ घातला. ‘३ नॅनोमीटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपमध्ये ३ नॅनोमीटर लांबीचे असे काही नसते. शेजारच्या दोन गेटांमधले अंतरच चाळीस-पन्नास नॅनोमीटर भरते. तो पिढीचा क्रमांक आहे, माप नाही. आता काही कंपन्यांनी नावात अँगस्ट्रॉमचे अक्षरही आणले आहे. मापनशास्त्राने काढून टाकलेले एकक जाहिरातीतून परत येत आहे.

शिकवायचे कसे

एक पंथ घातांकांचा. मुलाला दहाचे घात येऊ द्या, चित्राच्या मागे लागू नका, कारण चित्र फसवते. दुसरा पंथ उपमांचा. फाइनमन यांनी विद्यार्थ्यांना सांगितलेली उपमा प्रसिद्ध आहे: सफरचंद पृथ्वीएवढे केले तर त्यातला अणू मूळ सफरचंदाएवढा होईल. हिशेब करून पाहिला. आठ सेंटीमीटरचे सफरचंद पृथ्वीएवढे व्हायला ते सुमारे सोळा कोटी पटींनी वाढवावे लागते, आणि दीड अँगस्ट्रॉमचा कार्बन त्या पटीने अडीच सेंटीमीटर होतो. म्हणजे आवळा. परिमाण बरोबर, फळ चुकले. उपमांचे बलस्थान आणि दुबळेपण दोन्ही यात आहे.

तिसरा पंथ पायऱ्यांचा. कीस बूके यांचे १९५७ चे ‘कॉस्मिक व्ह्यू’ आणि त्यावरून ईम्स दांपत्याने केलेला १९७७ चा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा लघुपट हे त्याचे आदर्श. संशोधन या पंथाच्या बाजूने झुकते. ट्रेटर, जोन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये विद्यार्थी आणि तज्ज्ञ यांची तुलना केली, तेव्हा दिसले की तज्ज्ञ मीटरला भागत भागत खाली जात नाहीत. ते त्या त्या जगात शिरून तिथले एकक नवा ‘एक’ म्हणून धरतात. लँडी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात बऱ्याच लोकांनी हजार ते अब्ज या रेषेवर दशलक्षाला जवळपास मध्यावर बसवले. तो खरे तर हजाराला चिकटूनच असतो. म्हणजे अडचण लहान मापांची नाही, मोठ्या संख्यांची आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुलांनी स्वतः करून, मोजून शिकावे यावर भर देत आले आहे. पण मायक्रोमीटरच्या खाली हाताने मोजायला काही उरत नाही, आणि तिथे प्रत्येक पंथाला कुठे ना कुठे उडी मारावी लागते.

लाख, कोटी आणि हजाराच्या पायऱ्या

परदेशी अभ्यासांत न येणारी गोष्ट ही. आंतरराष्ट्रीय उपसर्ग हजारपटीने चढतात: तीन, सहा, नऊ, बारा शून्ये. आपण हजारानंतर शंभरपटीने चढतो: हजार, लाख, कोटी, अब्ज, म्हणजे तीन, पाच, सात, नऊ शून्ये. दोन्ही शिड्यांची पायरी जुळते ती फक्त हजार आणि अब्ज इथे. म्हणून ‘अब्जांश तंत्रज्ञान’ हा नॅनोटेक्नॉलॉजीचा मराठी पर्याय सहज बसला, पण मायक्रोसाठी ‘दशलक्षांश’ असा जोडशब्द करावा लागला, आणि पिकोसाठी रुळलेला शब्दच नाही. लीलावतीच्या संख्यानामांत दहाच्या सहाव्या घाताला प्रयुत, दहाव्याला खर्व आणि बाराव्याला महापद्म म्हटले आहे. त्या हिशेबाने अँगस्ट्रॉम हा ‘खर्वांश मीटर’ ठरतो! पण आजच्या बोलण्यात खर्व म्हणजे शंभर अब्ज, तेव्हा ही वाट बंद आहे.

परिभाषेबाबत दोन मते आहेत. एक, संख्यानामांवरून मराठी शब्द घडवावेत म्हणजे अर्थ शब्दातच कळेल. दुसरे, नॅनो-पिको तसेच घ्यावेत, कारण दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला अकरावी विज्ञानात सगळे इंग्रजीत वाचायचेच आहे. दोन्हींत तथ्य आहे. मला मात्र वाटते की शब्दांच्या वादात एक फुकटची सोय नजरेआड झाली. मिलिमीटरपासून निघाले तर आपली मोजणी अणूशी चपखल बसते: एका मिलिमीटरमध्ये हजार मायक्रोमीटर, दहा लाख नॅनोमीटर, एक कोटी अँगस्ट्रॉम. घराच्या किमती कोटीत बोलणाऱ्या उपनगराला कोटी समजावून सांगावा लागत नाही. चर्चगेट ते बोरिवली हे लोकलचे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. एक मिलिमीटर ताणून एवढा लांब केला, तर त्यातला एक अँगस्ट्रॉम होईल ३.४ मिलिमीटर, फॅब्रिकेटरच्या भाषेत सूतभर. ही उपमा आहे हे मान्य, पण तिच्यातला प्रत्येक आकडा वाचकाला तपासता येतो.

काय सुटलेले नाही

अँगस्ट्रॉमचे भवितव्य एक. पण त्याहून खोलातला प्रश्न असा की रूपांतर कशाचे करायचे? अणूला कड नसते. हिऱ्यातले अंतर अर्धे केले तर कार्बनची त्रिज्या ७७ पिकोमीटर, आणि न जोडलेले दोन कार्बन एकमेकांना किती जवळ येऊ देतात यावरून काढली तर सुमारे १७०. दोन्ही आकडे बरोबर आहेत, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून. पाठ्यपुस्तक त्यातला एक छापते आणि मूल तो लिमलेटच्या गोळीच्या त्रिज्येसारखा वाचते. हे आधी सांगावे की नंतर, यावर शिक्षकांचे एकमत नाही. लाख-कोटीत विचार करणाऱ्या मुलांना ही मापे कशी दिसतात, हा अभ्यास आपल्याच शाळांत करण्याजोगा आहे.

तोवर अकरावीच्या प्रयोगशाळेत शिकवणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या स्क्रू गेजवर वाचता येणारे सर्वांत लहान माप ०.०१ मिलिमीटर असते. प्रयोगवहीत ते लिहून झाल्यावर मुलांना आणखी एकच ओळ लिहायला सांगा: अणू इथून फक्त एक लाख पटींनी लहान आहे. मग मिठाची चिमूट कागदावर टाका. कण ०.३ मिलिमीटरचा असेल, तर त्याच्या एका कडेवर सुमारे साडेदहा लाख आयन ओळीने बसलेले आहेत. भागाकार मुलांनाच करू द्या.